भ चा म होऊ नये म्हणून: एका बेकरीची पाटी आणि गोलमटोल अक्षर

पार्श्वभूमी

मुंबईबाहेरच्या एका उपनगरात, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर, एक जुनी बेकरी आहे. सकाळी लादीपाव, दुपारनंतर खारी आणि टोस्ट, नाताळात प्लम केक. दुकान काकांचं, पण आता निम्मा कारभार मुलगा बघतो. दुकानाचं नाव इथे देत नाही. पाटीपुरतं एवढं पुरे की नाव दोन शब्दांचं आहे, त्यात एक भ आहे, एक अनुस्वार आहे आणि एका अक्षराखाली उकार लोंबतो. हे तिघेही पुढे आमच्या जिवावर उठले.

२०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी लावणं बंधनकारक झालं, आणि मराठी अक्षर पाटीवरच्या दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, असंही ठरलं. प्रकरण कोर्टात गेलं. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. दोन महिने ऐकायला बरे वाटतात, पण मधे दिवाळी होती. बेकरीवाल्याला दिवाळीत श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पाटी बनवणाऱ्यांकडे तर अख्खी बाजारपेठ रांगेत उभी होती.

बेकरीची जुनी पाटी पेंटरने रंगवलेली होती. इंग्रजी नाव ठसठशीत, मराठी खाली कोपऱ्यात, वीतभरही नाही. म्हणजे नियमाच्या नेमकी उलटी.

नव्या पाटीच्या अक्षरांचं डिझाइन माझ्याकडे आलं. मुलाने मला फोन केला तेव्हा फॉन्ट त्याने आधीच निवडला होता. "ताई, बालू वापरायचाय. बॉक्सवर तोच आहे. फक्त फाइल बनवून द्या."

निवड चुकीची नव्हती. बालू हा मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाचा फॉन्ट. नाव अस्वलाचं आणि अंगकाठीही अस्वलाचीच: जाड, गुबगुबीत, कोपरे घासून मऊ केलेले. देवनागरीशिवाय आणखी नऊ भारतीय लिप्यांत त्याची भावंडं आहेत आणि ती अक्षरशः भावंडं आहेत. गुजरातीत 'भाई', बंगालीत 'दा', गुरुमुखीत 'पाजी', तमिळमध्ये 'तंबी', मल्याळममध्ये 'चेट्टन', उर्दूत 'भाईजान'. प्रत्येकाच्या नावामागे त्या त्या भाषेतला भाऊ लावलेला. मला हे नामकरण फार आवडतं. फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो, त्यामुळे व्यवसायासाठी वापरायला पैसे पडत नाहीत. सुरुवातीला तो एकाच जाडीत आला. पुढे 'बालू २' आला आणि त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या मिळाल्या. या प्रकरणात त्या पाच जाड्यांनीच आम्हाला वाचवलं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

काकांना फॉन्टबिंटशी देणंघेणं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "अक्षर नानकटाईसारखं दिसायला हवं. टोकदार नको." माझ्या कामात इतकी नेमकी मागणी क्वचित येते.

अडचण

मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र बघायला झकास होतं. नाव एक्स्ट्रा बोल्डमध्ये, मरून पाटीवर क्रीम रंगाचं, आतून उजळणारं. मोबाइलच्या पडद्यावर ही अक्षरं इतकी गोड दिसतात की पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. मीही आधी विचारलं नाही.

अडचणी तीन होत्या. पहिली मापाची. मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान नको, हे मान्य. पण मोजायचं कुठून कुठपर्यंत? इंग्रजी कॅपिटलचं सोपं असतं, वरून खालपर्यंत एकच उंची. आपल्याकडे वर वेलांटी आणि मात्रा, मधे अक्षराचा धड भाग, खाली उकार. सगळं धरून मोजलं तर मराठी मोठी भरते आणि धड मात्र इंग्रजीपेक्षा बुटकं राहू शकतं. मुलाने दोन्ही ओळी सारख्याच फॉन्ट साइझला ठेवल्या होत्या आणि तो निश्चिंत होता.

दुसरी अडचण शिरोरेखेची. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. एकेक डबा बनवा, ओळीत ठोका, झालं. मराठी शब्द म्हणजे एका दांडीला लटकलेली अख्खी वरात. आमचा पहिला शब्द साधारण ९ फूट भरत होता आणि ॲक्रिलिकची शीट ८ बाय ४ ची. म्हणजे कुठेतरी सांधा येणारच.

तिसरी अडचण आम्हाला दिसलीच नव्हती, कारण ती अंधार पडल्यावर दिसते. भ आणि म यांच्यात, ध आणि घ यांच्यात फरक कशाचा? भ आणि ध यांच्या डोक्यावर शिरोरेखा तुटलेली असते आणि डावीकडे छोटी गाठ असते. बारीक अक्षरात ही फट ऐसपैस असते. अक्षर जाड होत जातं तशी दोन्ही बाजूंची चरबी त्या फटीत शिरते. छापील कागदावर फट अरुंद असली तरी दिसते, कारण कागद स्वतः उजेड टाकत नाही. आतून दिवे लावलेलं अक्षर आजूबाजूला प्रकाश सांडतं. सांडलेला प्रकाश आधी अरुंद जागा भरतो, म्हणजे फट आणि अक्षराच्या पोटातली पोकळी. भाजीवाल्याने अशी पाटी लावली तर रात्री 'ताजी भाजी'ची 'ताजी माजी' होईल.

समोरचे पर्याय

बोर्डवाल्याने पहिला नमुना म्हणून एकच अक्षर बनवून दिलं. नशीब असं की त्याने भ निवडला, आणि तोही त्याच्याकडे उरलेला तुकडा त्या मापाचा होता म्हणून. १३ इंची भ, एक्स्ट्रा बोल्ड, आत एलईडी मॉड्यूल. संध्याकाळी साडेसातला आम्ही तो दुकानाच्या पत्र्यावर टेकवून ठेवला आणि रस्ता ओलांडून रिक्षा स्टँडवर जाऊन उभे राहिलो. मी, मुलगा आणि पाव पोहोचवणारा पोऱ्या.

मी पोऱ्याला विचारलं, "काय दिसतंय?"

"म," तो म्हणाला. क्षणभरही न थांबता.

मुलाचं म्हणणं, एकटं अक्षर आहे म्हणून तसं वाटतं, शब्दात बसलं की कळेल. त्यात तथ्य होतं. ओळखीचं नाव माणूस अंदाजाने वाचतो. पण पाटी ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी थोडीच असते? ते तर वासाने येतं.

जवळ जाऊन बघितलं तेव्हा अर्धी चूक बोर्डवाल्याचीही निघाली. फॉन्टमधल्या बाह्यरेषेला त्याने सगळीकडून थोडं बाहेर फुगवलं होतं. "कडेला पट्टी बसायला जागा लागते, मॅडम." त्याच्या कारखान्यात प्रत्येक पाटीला हे होतं आणि सुट्या इंग्रजी अक्षरांत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र भ च्या डोक्यावरच्या फटीत करंगळी कशीबशी मावत होती.

मग दुकानातच, टोस्टच्या ट्रेवर कागद ठेवून, पर्याय मांडले.

मुलाची पहिली सूचना उलट दिशेची होती. जाडच हवं तर मोदक का नको? मोदक हाही एक टाइपचाच फॉन्ट, बालूपेक्षा कितीतरी स्थूल. त्यात अक्षराच्या पोटातली पोकळी जवळजवळ एका रेघेपुरती उरते. पोस्टरवर, हातभर अंतरावरून, तो फॉन्ट म्हणजे मेजवानी आहे. उजळणाऱ्या पाटीवर त्या रेघा पहिल्याच रात्री बुजल्या असत्या. हा पर्याय दोन मिनिटांत बाद.

दुसरा पर्याय: गोल अक्षराचा नाद सोडून मुक्तासारखा सरळ, उघडा फॉन्ट घ्यायचा. वाचायला सगळ्यात उत्तम, माझं मन तिकडेच झुकत होतं. पण मग काकांच्या नानकटाईचं काय? शेजारी मेडिकल आहे, पलीकडे मोबाइलचं दुकान, दोघांच्या पाट्या सरळसोट. ओळीत बेकरी वेगळी कळायची तर तिचं अक्षर वेगळं हवंच. शिवाय गोल अक्षर पाटीच्या कामाला मुळात सोयीचं असतं, हे बोर्डवाल्यानेच सांगितलं. शीट कापणाऱ्या यंत्राचं, म्हणजे राउटरचं, कापणारं टोक (बिट) गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा काटकोनी निघतच नाही. टोकदार फॉन्ट दिला तर तो कोपरा नंतर हाताने घासून काढावा लागतो किंवा तसाच बोथट राहतो. बालूत कोपरे आधीच बोथट. फांद्यांची, म्हणजे अक्षराच्या रेषांची, जाडीही सगळीकडे बऱ्यापैकी सारखी, त्यामुळे मॉड्यूलची ओळ कुठे कोंबावी लागत नाही. बोरूच्या वळणाची, जाड-बारीक होत जाणारी अक्षरं असती तर बारीक जागी दिवा बसला नसता.

तिसरा पर्याय: दिवे समोरून नकोत, मागून. अक्षर गडद, भोवती प्रकाशाचं वलय. दिसायला देखणं आणि फटही शाबूत राहते. पण त्यासाठी मागची भिंत स्वच्छ, फिक्या रंगाची हवी. आमच्याकडे वर पन्हळी पत्रा आणि खाली धुराने काळवंडलेली पट्टी होती. खर्चही वाढत होता.

चौथा पर्याय साधा: फॉन्ट तोच, जाडी कमी. प्रकाश अक्षराला आपणहून एक जाडी वाढवतो. मग एक जाडी आधीच कमी करून द्यायची. रात्री ते एक्स्ट्रा बोल्ड दिसेल, दिवसा बोल्ड.

मुलाला हे पटायला वेळ लागला, कारण संगणकावर बोल्ड त्याला "उपाशी" वाटत होता.

काय केलं

जाडी बोल्डवर आणली. पण नुसती जाडी उतरवून भ ची फट पुरेशी मोठी होईल याची मला खात्री नव्हती. किती उघडावी हेही कळत नव्हतं. अंदाजाने उघडली तर अक्षर दात पडल्यासारखं दिसतं.

उत्तर जुन्या पाटीने दिलं. ती उतरवून भट्टीमागे ठेवली होती. कोपऱ्यातलं ते वीतभर मराठी नाव मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. पेंटरचा हात तयार होता. ब्रशची अक्षरं, टोकं गोल, आणि भ वर त्याने ऐटीत मोकळी जागा सोडलेली. पट्टी लावून मोजलं. फट फांदीच्या जाडीच्या दोन-तृतीयांश. चार इंची अक्षरात, रस्त्यावरून वाचता यावं म्हणून, त्याने ते न सांगता केलं होतं. काकांना पेंटरचं नाव आठवत नव्हतं. "दाढीवाला होता, चहा फार प्यायचा." आम्ही त्याचं प्रमाण उचललं. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टशिवायही तशीच राहणाऱ्या बाह्यरेषांत, बदलून भ ची फट हाताने तेवढी उघडली, गाठीच्या पोटातली पोकळीही थोडी वाढवली आणि अक्षरांमधलं अंतर जरा सैल केलं.

मापाचा प्रश्न कडक बाजूने सोडवला. वरच्या मात्रा आणि खालचा उकार हिशेबात धरायचेच नाहीत. शिरोरेखेपासून पायापर्यंतचं धड, फक्त तेवढंच, इंग्रजी कॅपिटलपेक्षा मोठं हवं. पाटी साडेतीन फूट उंच. त्यात धड १३ इंच, वर मात्रांसाठी ५, खाली उकारासाठी ४, म्हणजे मराठीलाच २२ इंच गेले. इंग्रजी ६ इंचांवर उतरवली. खाली ३ इंचांची व्हिनायलची, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकच्या अक्षरांची, ओळ. कुणी टेप लावून बघायला आलं तरी वाद व्हायला जागा उरली नाही. मुलाला इंग्रजी फार लहान वाटली. पण उकाराला जागा न देता मराठी कोंबली असती तर तो इंग्रजीच्या डोक्यात शिरला असता, आणि उकार कापणं हा पर्याय माझ्या यादीत नव्हता.

शिरोरेखेवर बोर्डवाल्याशी खरी जुंपली. त्याला प्रत्येक अक्षर सुटं हवं होतं. टेम्पोत न्यायला सोपं, पुढे एखादं बिघडलं तर तेवढंच काढता येतं. त्याचंही बरोबर होतं. पण गोल टोकांची अक्षरं सुटी कापून शेजारी शेजारी लावली की शिरोरेखेच्या प्रत्येक जोडावर वर-खाली खाच पडते आणि सरळ दांडीची मण्यांची माळ होते. त्याने संगणकावर करून दाखवल्यावर त्यालाही ते रुचलं नाही. शेवटी तडजोड अशी ठरली: लांब शब्दाचे दोनच तुकडे, सांधा दोन अक्षरांच्या मधोमध फक्त शिरोरेखेवर, आणि त्या जागी टोकं गोल न करता सरळ कापायची. हे मी फाइलवर लाल अक्षरात लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ: बाहेरून फुगवणं नाही, पट्टी आतून बसवा.

अनुस्वार राहिला. तो कुणाला जोडलेला नसतो, त्याचा स्वतंत्र डबा, स्वतंत्र दिवा, स्वतंत्र वायर. बोर्डवाला म्हणाला, खालून बारीक पट्टी जोडतो, दांडीतूनच वायर येईल. मी नाही म्हटलं. दांडीवर उभा अनुस्वार टाचणीसारखा दिसतो. वायर मागून, पत्र्याला भोक पाडून न्यायची ठरलं. या निर्णयाकडे पुन्हा यायचंय.

आणि एक चूक माझी. खालची ओळ, खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमरोल, शेवटच्या दिवशी ठरली. मी दुसऱ्या कामात होते. मुलाने ती बोर्डवाल्याला थेट व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवली. कारखान्यात कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. त्यात युनिकोड मराठी नीट बसेना, म्हणून तिथल्या मुलाने ती ओळ त्याच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात पुन्हा टाइप केली. 'क्रीमरोल'चा रकार सुटून 'कीमरोल' झालं. व्हिनायल होतं म्हणून दोन तासांत सोलून नवीन लावलं. नवी ओळ बालूच्या मीडियममध्ये कर्व्ह करून दिली. तीन इंचांत बोल्ड घेतला असता तर 'स्ट' आणि 'क्री' सारखी जोडाक्षरं गाठोडं झाली असती.

परिणाम

पाटी मुदतीच्या दोन दिवस आधी लागली. त्याच रिक्षा स्टँडवरून रात्री पाहिली. भ हा भ दिसला. पोऱ्याला पुन्हा उभं केलं, त्याने आख्खं नाव वाचलं आणि वर विचारलं, "सारखं मलाच का विचारता?" दिवसा पाटी थोडी हलकी वाटते, हे खरंच आहे. मुलगा अजूनही दुपारी बघतो तेव्हा म्हणतो, थोडं जाड चाललं असतं.

काका पाटीखाली उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उकार छान आलाय." त्यांच्या नजरेत तेवढंच भरलं होतं.

शिरोरेखेवरचा सांधा दिवसा शोधला तर सापडतो, रात्री अजिबात नाही.

बॉक्सचं मात्र वेगळंच झालं. पाटीच्या उत्साहात मुलाने खारीच्या बॉक्सवर घटकांची यादीही बालूच्या एक्स्ट्रा बोल्डमध्ये छापून घेतली. स्वस्त पुठ्ठ्यावर शाई पसरते, आणि जे पाटीवर प्रकाशाने केलं असतं ते इथे शाईने केलं. मैदा, साखर, वनस्पती तूप, सगळी अक्षरं एकमेकांना मिठी मारून बसली. पुढच्या खेपेला यादी मुक्तामध्ये गेली आणि बालू फक्त बॉक्सच्या नावापुरता राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

रात्रीचा नमुना हा निव्वळ योगायोग होता. बोर्डवाल्याने भ ऐवजी क बनवला असता तर आम्ही खूश होऊन पुढे गेलो असतो आणि चूक पूर्ण पाटीवर कळली असती. आता मी नमुन्याचं अक्षर स्वतः सांगते: नावात भ, ध किंवा थ असेल तर तेच, नसेल तर सगळ्यात गच्च जोडाक्षर. आणि बघायला अशा माणसाला बोलावते ज्याला दुकानाचं नाव माहीत नाही. आमचा पोऱ्या त्या अर्थाने कच्चा साक्षीदार होता. पहिल्यांदा एकटं अक्षर होतं म्हणून तो खरं बोलला, दुसऱ्यांदा नाव त्याला पाठच होतं.

खालच्या ओळीसकट सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये, कर्व्ह करूनच द्यायला हवा होता. ऐन वेळचा बदलही माझ्याकडूनच गेला पाहिजे, हे मुलाला आधी सांगितलं नव्हतं.

जाडीबाबत मी आज कदाचित सेमी बोल्डचाही नमुना मागेन. एका नमुन्याचा खर्च पाटीच्या मानाने किरकोळ असतो, आणि बोल्ड बरोबर निघाला हे आम्हाला सेमी बोल्डशी न ताडताच मान्य करावं लागलं.

अनुस्वाराबाबत बोर्डवाला बरोबर होता की मी, हे अजून ठरत नाही. पहिल्याच पावसाळ्यात पत्र्याच्या भोकातून पाणी उतरलं आणि त्याचा दिवा गेला. महिनाभर रात्री नाव अनुस्वाराविना वाचलं जात होतं. भोकाला सिलिकॉन भरलं, मॉड्यूल बदललं. यंदा जुलैत तो पुन्हा मिणमिणायला लागलाय. काकांनी फोन केला होता. शिडी घेऊन माणूस रविवारी येणार आहे.